नारळाचे चौतीस गुण

कराडात लग्न ठरायचं म्हणजे पूर्वी पोहे व्हायचे, पत्रिका जुळायची आणि मुलाच्या मामाचं समाधान झालं की सुपारी फुटायची. आता या सगळ्याच्या जोडीला खुर्ची आली होती. पोहे परवडले असं म्हणायची पाळी मुलींवर आली, कारण पोहे खाऊन उठलेल्या माणसांना निदान तोंडावर नकार द्यायला लाज वाटायची. खुर्चीला लाज नव्हती. ती छत्तीसपैकी आकडा सांगायची आणि गप्प बसायची.

कंपनीनं तिचं नाव ठेवलं होतं ‘स्पंदमिती आसन’. कृष्णाकाठच्या एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर तिचं केंद्र होतं आणि केंद्राची प्रमुख होती शाल्मली जगदाळे. भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट, तिशीला टेकलेलं वय आणि धारदार जीभ. आज त्याच केंद्रात तिचा स्वतःचा साखरपुडा होता.

मुलगा सुजय पिसाळ, पाटणच्या बाजूला गुराढोरांचा डॉक्टर. दोघांची ओळख एका म्हशीनं करून दिली होती. म्हशीनं वैरणीबरोबर तार गिळली होती, ती पोटात नेमकी कुठं अडकली हे सुजयला कळेना, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की कराडात एक मॅडम आहेत, त्यांच्याकडं लोखंड हुडकायचं यंत्र आहे. शाल्मली एक जुनी चकती जीपमध्ये घालून गोठ्यात गेली होती. म्हैस वाचली आणि पुढचं सगळं झालं.

साखरपुड्याला सुजयकडून त्याचे वडील आले होते, त्यांना सगळे आबा म्हणत, आणि इंदूआत्या आली होती. आई गेल्यावर सुजयला वाढवलं ते या आत्यानं. सकाळपासून तिचा हात शाल्मलीच्या पाठीवरून खाली आला नव्हता. सासरकडची मोरपंखी इरकल तिनं स्वतः नेसवली होती, काठ सारखा केला होता आणि केंद्राच्या वाटीतली पितळी पिन खांद्याला लावली होती. खुर्चीजवळ लोखंड चालत नाही, हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत झालं होतं. लोक येतानाच किल्ल्या, पट्टे, केसांचे आकडे काढून ठेवत. शिवाय दारात एक तपासणीची चौकट होती, तिच्यातून प्रत्येकाला जावं लागे.

सुजय चौकटीतून गेला. शाल्मली जायला लागली तर शबाना, तिची सहकारी, हसून म्हणाली, “मॅडम, तुम्ही कशाला? तुम्हीच तर आम्हाला शिकवलंय.” आणि तिनं बाजूचं दार उघडून शाल्मलीला आत घेतलं.

खुर्चीमागचं विज्ञान खोटं नव्हतं, आणि शाल्मलीला नेमकं तेच खुपायचं. हृदय आकुंचन पावतं ते विजेच्या इवल्याशा लहरीमुळे, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, मग ती तारेतली असो की छातीतली. छातीतलं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा लाखो पटींनी क्षीण असतं. ते पकडायचं तर तारेची कडी घ्यायची आणि त्या कडीच्या तोंडातून किती क्षेत्र आरपार जातं ते बघायचं. या ‘किती’लाच चुंबकीय अभिवाह म्हणतात. खिडकीतून घरात किती ऊन येतं हे ऊन किती कडक, खिडकी केवढी आणि ती उन्हाकडे तोंड करून आहे की तिरकी, यावर ठरतं. अभिवाहाचंही तसंच आहे. पण तो नुसता असून काही होत नाही. तो बदलला तरच कडीत वीज उमटते. कोयनेच्या डोंगरातली जनित्रं, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, ओट्यावरची इंडक्शन शेगडी, सगळ्यांचं पोट या बदलत्या अभिवाहावर भरतं.

खुर्चीसमोर ताटाएवढी चकती होती आणि तिच्यात अतिसंवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणाऱ्या, कड्या होत्या. अशा कडीला अभिवाहातला इतका बारीक फरक कळतो की हाताच्या अंतरावरून हृदयाचा ठोका टिपता येतो. पूर्वी ती थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागायचं आणि तो थाट मोठ्या शहरातल्या दोन-चार संस्थांनाच झेपायचा. मग घरच्या फ्रिजएवढ्या यंत्रानं थंड राहणारा एक नवा पदार्थ सापडला आणि कड्या स्वस्त झाल्या. शाल्मलीनं डॉक्टरेट केली होती ती याच कडीनं आईच्या पोटातल्या बाळाचं हृदय ऐकण्यावर. बाळाच्या ठोक्यातली खोट जन्माआधी सापडायची. कंपनीनं ते तंत्र विकत घेतलं, पण बाळांच्या तपासणीला परवानग्या लागतात, चाचण्या लागतात, वर्षं जातात. लग्नासाठी कोण परवानगी मागतो?

म्हणून खुर्ची आली. बसणाऱ्याच्या कानात एका पोकळ नळीतून समोरच्या माणसाचा आवाज सोडायचा. हेडफोन चालत नाही, त्यात चुंबक असतो. आवाज ऐकताना हृदयाचा ठेका किती स्थिर राहतो ते बघायचं आणि छत्तीसपैकी गुण द्यायचे. ठेका आणि गुण यांचा संबंध कुणी सिद्ध केला, असं शाल्मलीनं कंपनीला एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल तिला दिवाळीला सुका मेवा आला. यंत्र हाताशी राहील, पुढंमागं ते एखाद्या सरकारी दवाखान्यात नेता येईल, या आशेवर ती टिकून होती. लोक पत्रिका बघतातच, हेही बघू देत, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

सुजय बसला. भिंतीवरच्या पडद्यावर एकोणतीस उमटले. टाळ्या झाल्या. मग शाल्मली बसली, नळीतून सुजयचा आवाज आला. तो बिचारा काहीतरी ठरवून आला असणार, पण ऐनवेळी त्याला म्हशीचीच गोष्ट सुचली. तिला हसू आलं. तिनं एक मोठा श्वास घेतला.

पडद्यावर अकरा उमटले आणि खाली लाल अक्षरांत ‘अस्थिर मन. विवाह अनुचित.’

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक बाई म्हणाली, “हुशार हाय, पर मन जाग्यावर न्हाई.” शाल्मलीच्या वडिलांनी हातातला पेढ्यांचा बॉक्स हळूच टेबलाखाली सरकवला. आबा सकाळपासून तिला सूनबाई म्हणत होते, ते घसा खाकरून म्हणाले, “मॅडम, हे काय झालं?”

शाल्मलीनं आकड्याकडे बघितलंच नाही. ती उठून शबानाच्या पडद्यापाशी गेली आणि रेघ बघायला लागली. ठोक्यांची टोकं जागच्या जागी होती, पण ती सगळी एका संथ लाटेवर चढत-उतरत होती. छाती वर आली की लाट वर, छाती खाली गेली की लाट खाली. हृदय श्वासाबरोबर असे हेलकावे खात नाही. छातीवर काहीतरी लोखंडी होतं आणि ते श्वासागणिक कडीच्या जवळ जाऊन लांब येत होतं, अभिवाह त्यानं बदलत होता. तिनं पदराच्या काठावरून बोटं फिरवली. काठाच्या दुमडीत बोटाला टोचलं. टाके उसवून तिनं सुई बाहेर काढली.

इंदूआत्यानं तोंडावर हात नेला. “अगं माझे आई. ती मीच घातल्याली.”

“तुम्ही?”

“मग? देखणी पोरगी, त्यात एवढी शिकल्याली. सगळ्यांचं डोळं तुझ्यावर. अंगावर लोखंड असलं म्हंजी नजर लागत न्हाई. लेकराच्या उशाखाली ठेवतोच की आपण. पिना-बिना काढायला लावत्यात ते म्हाईत हुतं मला, पर एवढीशी सुई, म्हटलं, ती काय करतीया?”

सुई एवढीशी होती, पण ती आत्याच्या शिलाईच्या डब्यातली होती. त्या डब्यात सुया हरवू नयेत म्हणून आत्यानं सुजयकडून एक चुंबक मागून घेतला होता, गाईंच्या पोटात खिळे धरून ठेवायला देतात तो. त्याला वर्षानुवर्षं चिकटून बसलेली सुई स्वतःच चुंबक होऊन बसली होती. कडीपुढं ती म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. त्यात हृदय कसलं ऐकू येणार?

सगळ्या हॉलनं एकदम श्वास सोडला. आबा हसले, पुन्हा सूनबाई म्हणाले. “आत्याबाईचंच काम म्हणायचं! चला, परत बसा. पेढं काढा वर.”

सुजय तिच्याजवळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता. “बस की, शाल्मली. पाच मिनिटांचं काम. सुई काढली, आता काय?”

आता तीस येतील, हे तिला माहीत होतं. कदाचित बत्तीस. आबा पेढा भरवतील, आत्या बोटं मोडेल आणि सगळं गोड होईल. तिनं खुर्चीकडे बघितलं आणि तिला मलकापूरची एक मुलगी आठवली. नऊ गुण आले होते तिला, तेव्हा दारात चौकटही बसली नव्हती. उठताना ती खुर्चीला नमस्कार करून गेली होती. तिच्या दातांत तार होती की बोटात शनीची अंगठी की कुणा आत्याची सुई, कोण सांगणार? ती रेघ शाल्मलीनं उघडूनही बघितली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली आणि लाजेच्या मागोमाग सणसणीत राग आला.

“मी परत बसणार नाही,” ती म्हणाली.

“का?” आबांचा आवाज चढला. “भ्या वाटतंय का कसलं?”

“भीती नाही, आबा. मला चांगले गुण पडणार आहेत. म्हणूनच बसणार नाही.”

“ह्याला काय अर्थ?”

“अकरा आले तेव्हा माझं मन अस्थिर होतं. आता तीस येतील तेव्हा मी गुणाची होईन. मधल्या वेळात माझ्यात काय बदललं? एक सुई गेली.”

“शाल्मली, लोकांसमोर तमाशा नको,” सुजय दबक्या आवाजात म्हणाला. त्याचं ते ‘लोकांसमोर’ तिला सुईपेक्षा जास्त टोचलं.

“लोकांसमोरच बसवलंत ना मला? मग लोकांना बघू दे.”

तिची ओटी भरली होती, त्यातला नारळ तिनं उचलला. शेंडीत सुई खोचली. आत्याच्या पिशवीतून दोरा घेतला, वीतभर लांबी ठेवून नारळाला बांधला आणि चकतीपुढच्या ॲल्युमिनियमच्या दांडीला टांगला. वीतभर दोऱ्याला टांगलेली वस्तू सेकंदाला साधारण एक झोका घेते, म्हणजे मिनिटाला साठच्या आसपास. धडधाकट माणसाचं हृदयही निवांत बसलं की असंच चालतं.

“शबाना, हृदय नसेल ते वगळायची चाळणी आहे ना चालू?”

शबानानं मान खाली घातली. “हेड ऑफिसनं मागच्या अपडेटात काढली, मॅडम. दर तीन-चार माणसांमागं एकाला ‘वाचन अमान्य’ यायचं. लोक भांडायचे.”

हे शाल्मलीला माहीत नव्हतं. “बरं झालं. नवीन नोंद घे.”

“नाव?”

“श्रीफळ जगदाळे.”

कुणीतरी फिसकन हसलं. शाल्मलीनं नारळाला हलकेच झोका दिला. नळीचं तोंड नारळाकडे वळवलं आणि सुजयचा मघाशी टिपलेला आवाज त्याला ऐकवला. नारळ म्हशीची सगळी गोष्ट ऐकत मन लावून झुलला. न बिचकता, न लाजता, न हसता.

पडद्यावर चौतीस उमटले. खाली हिरव्या अक्षरांत ‘अत्युत्तम. शांत, सोशिक, संसारास पूरक.’

आता हसू कुणाला आवरेना. मलकापूरकडचा एक म्हातारा तर गुडघ्यावर थापा मारत होता. शाल्मली हसली नाही.

“जित्या माणसाच्या हृदयाचा ठेका थोडा मागेपुढे होतोच. तो व्हायलाच पाहिजे, नाहीतर डॉक्टरला काळजी वाटते. आपलं माणूस बोलायला लागलं की तर तो होणारच. हे यंत्र इमानदार आहे, कडीतून किती अभिवाह गेला एवढं ते बरोबर सांगतं. गुण त्यानं दिलेले नाहीत, गुण कंपनीनं चिकटवलेत. आणि ते सगळ्यात जास्त मिळतात न हलणाऱ्याला. तुम्हाला तशी सून पाहिजे असेल, आबा, तर हा नारळ घेऊन जा. मी येते तर अशीच येते, न मोजलेली.”

आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. “चला रे,” ते म्हणाले आणि दाराकडे निघाले. पिसाळांची सगळी मंडळी उठली. सुजय उभा राहिला, त्यानं शाल्मलीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि वडिलांच्या मागोमाग गेला. आत्याला दोघांनी हाताला धरून नेलं.

हॉल निम्मा रिकामा झाला. शाल्मलीचे वडील तिच्याशेजारी येऊन बसले. ते मितभाषी गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, “परत बसली असतीस तर तीस आले असते?”

“आले असते, पप्पा.”

“मग?”

“मग पुढच्या पोरीला अकरा आल्यावर तुम्हीच म्हणाला असता, आमच्या शाल्मलीला तर तीस होते.”

त्यांनी त्यावर विचार केला आणि मान हलवली. “पानं वाढायला सांगतो,” ते म्हणाले. “आपली माणसं तरी उपाशी जायला नकोत.” त्या दिवशी शाल्मली बासुंदी प्यायली, दोनदा मागून घेतली आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. सुजय दारातून गेला ते तिला राहून राहून दिसत होतं. पण परत बसायला हवं होतं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं केंद्र नेहमीच्या वेळेला उघडलं. नारळ दांडीला तसाच होता. तिनं नियम केला: जे जोडपं येईल त्याच्यासमोर आधी नारळ झुलवायचा, नारळाचे गुण दाखवायचे आणि मग विचारायचं, “बसताय?” काही जण तरीही बसत. बरेच जण हसत उठून जात. एका मुलीनं तर हिशेब मागितला की माझ्या बहिणीला तेरा दिले होते ते कुणाला विचारून दिले. शाल्मलीनं तिला खरं ते सांगितलं आणि तिचं बोलणं ऐकून घेतलं. मग ती आणि शबाना रोज रिकाम्या वेळी जुन्या रेघा उघडून बघायला लागल्या आणि जिथं लोखंड दिसलं तिथं घरोघर फोन करायला लागल्या. मलकापूरचा फोन शाल्मलीनं स्वतः केला. मुलीचं लग्न अजून जमलं नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, “मला वाटलं, माझ्यातच खोट हाय.”

आठवडा उलटायच्या आत हेड ऑफिसचे देवधर नावाचे साहेब गाडी घेऊन आले. गोड माणूस. आधी त्यांनी नारळाचं कौतुक केलं.

“मॅडम, विनोद झाला. आता आवरू या. तुम्ही एकदा खुर्चीत बसा, आम्ही चित्रफीत काढतो. छत्तीसपैकी छत्तीस. तुमचं मोडलेलं जुळेल, कंपनीची अब्रू राहील आणि तुमचा बाळांच्या हृदयाचा प्रकल्प मी स्वतः वर मांडतो.”

शेवटचं वाक्य तिला लागलं. त्यासाठीच तर ती इथं एवढे दिवस थांबली होती. बाहेर बाकांवर तीन जोडपी बसलेली, कान टवकारून.

“छत्तीस आधीच ठरलेत?” तिनं विचारलं.

“म्हणजे, जमवता येतात.”

“मग बाळाच्या ठोक्यातही तुम्ही काहीतरी जमवाल, साहेब. तुमच्या हातात मी ते देणार नाही. कडी कुणाच्या बापाची नाही, दवाखान्यात मी ती पुन्हा घडवीन.”

देवधरांचा गोडवा संपला. “मग आजपासून तुम्ही इथं नाही. खुर्ची संध्याकाळी पुण्याला जाईल.”

“न्या. नारळ माझा आहे.”

ती नारळ सोडायला लागली तेवढ्यात दारात सुजय दिसला. अंगावर दवाखान्याचा डगला, त्याला फिनेलचा वास. मागं धापा टाकत इंदूआत्या. दारातल्या चौकटीनं सुजयच्या खिशातल्या चुंबकाला बघून आकांत मांडला, तरी तो तसाच आत आला.

“शाल्मली, त्या दिवशी म्हशीपाशी तू काय म्हणाली होतीस, आठवतंय?” त्यानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं. “म्हणालीस, लोखंड कुठं आहे ते कडीनं सांगितलं. चिरायचं की नाही ते तू ठरव. ते ऐकून मी तुझ्यावर भाळलो. आणि साखरपुड्याला तेच विसरलो. चुकलं माझं.”

“लोकांसमोर सांगतोयस,” ती म्हणाली.

“लोकांसमोरच चुकलो होतो.”

बाकावरची मंडळी देवधरांना ओलांडून आत डोकावली. शाल्मलीला लगेच विरघळायचं नव्हतं. “आणि आबा?”

“आबा म्हणाले, आकडा काय सांगायचा लोकांना? म्हटलं, आकडाच पाहिजे तर नारळ आणतो घरी. बोला.”

“दोन दिस जेवला न्हाई माझा भाऊ,” आत्यानं मध्येच तोंड घातलं. “तिसऱ्या दिशी जेवला. भूक काय खुर्चीला इचारून लागतीया व्हय? येतोय लग्नाला. कुरकुरत येतोय, पर येतोय.”

शाल्मलीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तिनं दोन्ही होऊ दिलं. आत्यानं नारळाच्या शेंडीतली सुई काढली, शाल्मलीची ओढणी हातात घेतली आणि काठाच्या दुमडीत ती पुन्हा खोचली. या वेळी सगळ्यांच्या देखत, आणि शाल्मलीनं तिला अडवलं नाही.

मग ती नारळ घेऊन बाहेर आली आणि केंद्राच्या पायरीवर तिनं तो वाढवला. पहिल्याच घावात दोन शकलं झाली. पाणी सुजयनं ओंजळीत धरलं. आत्यानं खोबऱ्याचे तुकडे केले, बाकावरच्या तिन्ही जोडप्यांना दिले, शबानाला दिला आणि एक तुकडा देवधरांपुढं केला. भला माणूस, त्यांनी गोंधळून तो तोंडात टाकला.

“मॅडम,” ते चावता चावता म्हणाले, “हे सगळं मला रिपोर्टात लिहावं लागेल.”

“लिहा की,” शाल्मली म्हणाली. “चौतीस गुणांचा होता, आणि आम्ही तो खाल्ला.”